चांदीवर मीना: पहिलं पदक घरी कसं करावं

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात रंगीत जोडवी किंवा पैंजण मागा, 'मीना' म्हणून जे समोर येतं त्यातलं बरंचसं भट्टीत गेलेलंच नसतं. तो रेझिनचा रंग असतो, थंडच भरलेला. सुईचं टोक अलगद दाबलं तर त्यात रुततं. खऱ्या मीन्यावरून घसरतं, कारण खरा मीना म्हणजे काच. वाळू आणि खार वितळवून केलेली, कोबाल्टनं निळी, तांब्यानं हिरवी किंवा फिरोजी झालेली काच. तिची पूड धातूवर पसरून साधारण 750 ते 850 अंश सेल्सिअसला वितळवली की ती धातूला धरून बसते.

मग फुटक्या बांगड्या कुटून काम भागेल का? मीही आधी हेच विचारलं होतं. नाही भागत. तापल्यावर चांदी साध्या काचेच्या जवळपास दुप्पट फुगते आणि निवताना तितकीच आकसते. बांगडीच्या काचेला ते झेपत नाही, ती तडकून निघते. मीन्याची काच मुळातच जास्त फुगणारी बनवलेली असते. म्हणून दागिन्यांसाठीची पूड किंवा खडे मागवा, 'चांदीसाठी' असं बघून. सुरुवातीला चार पुरेत: पारदर्शक बिनरंगी, निळा, हिरवा, फिरोजी. लाल नको. चांदीवर थेट दिलेला लाल बहुधा पिवळट-तपकिरी उतरतो आणि जीव हिरमुसतो.

पत्रा आणि तयारी

चांदी 999 चीच, म्हणजे जवळपास शुद्ध, घ्या. दागिन्यांची नेहमीची 925 चांदी दोन कारणांनी त्रास देते. तिच्यातलं तांबं तापल्यावर काळं पडतं आणि पारदर्शक रंगाखाली डाग दिसतो. शिवाय ती 800 अंशांच्या थोडं पुढेच वितळायला लागते, म्हणजे आपल्या कामाच्या अगदी काठावर. शुद्ध चांदी 962 अंशांपर्यंत टिकते.

25 मिलिमीटर व्यासाची, 0.8 मिलिमीटर जाडीची चकती कापून घ्या; वजन सुमारे 4 ग्रॅम भरतं. कडी अडकवायचं भोक आत्ताच पाडा. मीना चढल्यावर झाळकाम करता येत नाही. लाकडी ठोकणीनं चकतीला उथळ वाटीसारखा फुगवटा द्या, म्हणजे ती भट्टीत वाकत नाही. मग खाण्याचा सोडा लावून ब्रशनं घासा. नळाखाली धरल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब थेंब उभे राहिले तर तेलकटपणा आहे, परत घासा, आणि त्यानंतर चकती फक्त कडेनं धरा.

हे सगळं स्वयंपाकघरात नको. काही मीन्यांत शिसं असतं. कोरडी पूड हाताळताना एन-95 मास्क लावा. कूलर बंद ठेवा. मे महिन्यात नागपुरात हे सांगणं म्हणजे शिक्षाच, पण कूलरच्या वाऱ्यानं पूड उडते आणि धूळ येऊन रंगात बसते. मी उन्हाळ्यात भट्टी पहाटे लावते.

धुणं

नवशिक्याचं लक्ष ब्रशकडे असतं. रंग खरा खुलतो तो धुण्यात.

खडे असतील तर पोर्सिलेनच्या खलात पाणी घालून, बारीक रव्याइतके कुटा. पुडीवर दोन बोटं पाणी घाला, ढवळा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि वरचं दुधाळ पाणी ओतून टाका. मूगडाळ धुतो तसं, पाणी नितळ येईपर्यंत. आठ-दहा वेळा तरी होतं. त्या दुधाळ पाण्यात पिठासारखे कण असतात, तेच निळ्या काचेला ढगाळ करतात. शेवटची दोन-तीन धुणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यानं करा. बोअरच्या पाण्यातले क्षार काचेत पांढुरके राहतात. ओतलेलं पाणी मोरीत सोडू नका, बादलीत साठवा. तळाशी बसलेला गाळ लगेचच कामाला येणार आहे.

भरणं आणि भट्टी

आधी पाठ. एकाच बाजूला काच असेल तर निवताना चांदी जास्त आकसते, चकती वाकते आणि काच तडकते. म्हणून मागेही काचेचा थर लागतो. तो दिसत नाही, म्हणून तिथे तो गाळ चालतो.

पाठ भाजून, म्हणजे भट्टीत वितळवून (कसं ते पुढे येतं), झाली की पुढच्या बाजूला बिनरंगी मीन्याचा पातळ थर भाजा. मग 1 मिलिमीटर उंचीची शुद्ध चांदीची चपटी तार चिमट्यानं वळवून नक्षी करा (पहिल्यांदा एक पान पुरे, मोर नको), पातळ डिंकानं चिकटवा आणि पुन्हा भाजा. तार थरात रुतली की कप्पे तयार. ओली पूड बारीक ब्रशनं कप्प्यांत भरा, पातळच, आणि कडेला टिश्यू टेकवून पाणी शोषून घ्या.

आता वाळवणं. भट्टीच्या तोंडाशी धरा, वाफ दिसेनाशी होईपर्यंत. माझं पहिलं पदक मी ओलसरच आत ढकललं. वाफेनं सगळा हिरवा रंग फुटाण्यासारखा उडाला आणि भट्टीच्या भिंतीला चिकटला. तो अजून तिथेच आहे.

छोटी विजेची भट्टी 800 अंशांवर स्थिर करा. पदक फक्त कडांवर टेकेल अशा स्टीलच्या तिवईवर ठेवा, लांब चिमटा, जाड हातमोजे आणि भट्टीसाठीचा चष्मा वापरा. दीड ते तीन मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा पृष्ठभाग बघा. आधी साखरेसारखे कण दिसतात. मग ते जुळून बारीक खाचखळग्यांची कातडी होते, हुबेहूब संत्र्याच्या सालीसारखी. नागपूरकराला ही पायरी वेगळी शिकवावी लागत नाही. साल गुळगुळीत होऊन ओल्यासारखी चमकली की लगेच काढा. मधल्या थरांसाठी सालीवरच काढलं तरी चालतं. दर वेळी पूर्ण भाजत बसलात तर तारा खचतात.

बाहेर काढल्यावर सगळे रंग काळपट, चुकीचे दिसतात. निवताना खरे होतात. मी एकदा घाईनं ओल्या फडक्यावर ठेवायला गेले तर शेजारी बसलेले कारीगर काका म्हणाले, "काहून घाई करून राहिल्या ताई? थंडा होऊ द्या नं." दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. पाण्यात तर नाहीच.

तीन-चार थरांत काच तारेच्या थोडी वर येते. मग वाहत्या पाण्याखाली पॉलिश पेपरनं घासा: 220, 400, 600 नंबर. कोरडं कधीच घासू नका, काचेची धूळ फुप्फुसात जाते. तारा सगळीकडे उघड्या पडल्या की काचेच्या तंतूंच्या ब्रशनं खरवडून स्वच्छ धुवा. एखादा कप्पा खोलगट, चकचकीत राहिला असेल तर तिथे पूड भरून परत भाजा. शेवटचं भाजणं मिनिटभराचं, फक्त चमक येण्यापुरतं.

बुडबुडे आले तर थर जाड होता किंवा पूड नीट वाळली नव्हती. कडेनं कपची उडाली तर तिथे तेलकट बोट लागलं होतं, नाहीतर पाठीचा थर फार पातळ होता. कपची पडलेली जागा घासून, धुऊन पुन्हा भरता येते.

शेवटी कड बारीक कानशीनं साफ करा आणि भोकात कडी घाला. कडी दोन पकडींनी पिळून बंद करायची, ज्योत न लावता.