मुंबईची गाडी पकडण्याआधी

रत्नागिरीत बसून आंबा व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करताय आणि पहिलं भांडवल उभं करायला मुंबईला निघालाय, तर स्लाइड रंगवण्याआधी कागद बघा. प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारी असेल तर व्हेंचर फंड (नव्या कंपन्यांत पैसे घालणारा फंड) पुढे बोलणारच नाही. त्यांना शेअर हवे असतात, म्हणजे कंपनी प्रायव्हेट लिमिटेडच हवी. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप मान्यता ऑनलाइन मिळते, तीही काढून ठेवा. कन्व्हर्टिबल नोटवर, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलणाऱ्या कर्जावर, पैसे घ्यायचे तर ही मान्यता लागतेच, शिवाय एकेका गुंतवणूकदाराने किमान 25 लाख एकरकमी द्यावे लागतात. मामाचे पाच लाख त्यात बसत नाहीत. एंजल टॅक्सची (वाजवी किमतीपेक्षा महाग शेअर विकले तर जादा रकमेवरच्या कराची) भीती कुणी घालत असेल तर ऐकू नका, 2024 च्या बजेटात तो गेला.

मग कोड कुणाच्या मालकीचा, ते बघा. माझं घोडं इथेच अडलं होतं. पट्टी, म्हणजे अडत्याकडून येणारी विक्रीची हिशेबचिठ्ठी, जुळवायचा भाग कॉलेजातल्या मित्राने दोन रात्री जागून लिहून दिला, बदल्यात जेवण आणि आभार. गुंतवणूकदाराच्या वकिलाने हक्क कंपनीकडे सोपवल्याचा कागद मागितला तेव्हा मित्र दुबईला. सही यायला पाच आठवडे गेले. ज्याने ज्याने एक ओळ लिहिली, त्याची सही आजच घ्या. सहसंस्थापकांचे शेअरही चार वर्षांच्या व्हेस्टिंगवर आणा, म्हणजे मालकी टप्प्याटप्प्याने मिळेल, पहिल्या वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्याला काही नाही. घरचाच माणूस आहे म्हणून हे टाळू नका.

सगळ्यात जास्त वेळ आकड्यांना द्या. आपला धंदा मार्च ते मे. व्यापारी मार्चमध्ये वर्षाचे 24,000 भरतो, आणि आपण हौसेने ते सगळे मार्चच्या कमाईत दाखवतो. मग जूनमध्ये तक्ता एकदम आपटतो आणि समोरच्याला वाटतं गिऱ्हाईक पळालं. मासिक कमाई 2,000 च लिहा, बाराही महिने, आणि बँकेत आलेली रक्कम वेगळ्या रकान्यात. किती व्यापाऱ्यांनी दुसऱ्या हंगामात पुन्हा पैसे भरले, हा आकडा मात्र ठळक हवा. ऑगस्टमध्ये कुणी लॉगिन करतं का, हेही विचारतीलच. आमच्याकडे करत होते, हिशेब मिटवायला. वाशीच्या पट्ट्या वहीत टाचून ठेवलेल्या असतात, हमाली-भाडं कापून बागायतदाराला किती द्यायचं याचे वाद गणपतीपर्यंत चालतात. तो लॉगिनचा तक्ता मी सोबत नेला आणि बैठकीचा अर्धा वेळ त्यावरच गेला.

किती पैसे मागायचे, ते दीड वर्षाच्या खर्चावरून ठरवा. दोन कोटी घेतले आणि त्याआधीचं कंपनीचं मूल्यांकन आठ कोटी धरलं, तर कंपनीचे 20 टक्के गेले. टर्म शीटमध्ये (सौद्याच्या अटींच्या कागदात) लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली तर गुंतवणूकदाराला आधी मिळणारी रक्कम, एकपट आहे ना, ते वाचा. बाकी वकील बघेल.

पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्या. शेअर वाटप 60 दिवसांत, त्यानंतर पीएएस-3 फॉर्म (वाटपाची सरकारी नोंद) 15 दिवसांत. तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही, म्हणून दोन महिन्यांचे पगार आधीच बाजूला काढा.

शेवटी, फोनवर बोलतील असे तीन व्यापारी तयार ठेवा, आणि फोन जूनमध्ये करायला सांगा. एप्रिलमध्ये पेट्या भरणारा माणूस बायकोचाही फोन उचलत नाही.