शाळेची वेबसाइट पालकांच्या गरजेनुसार नव्याने कशी करावी

शाळेची वेबसाइट नव्याने करायचे ठरले की पहिली बैठक बहुधा रंग, बोधचिन्ह आणि मुखपृष्ठावरील छायाचित्रे यांतच संपते. ती बैठक पुढे ढकलावी आणि त्याआधी आठ-दहा दिवस शाळेच्या कार्यालयात बसून लोक काय विचारायला येतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत टिपून घ्यावे. कर्नाटकच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेसाठी आम्ही अशी वही ठेवली, तेव्हा संस्थेचा इतिहास एकानेही विचारला नाही. टीसीसाठी काय आणावे लागते, शिष्यवृत्तीच्या अर्जात भरायचा एसएटीएस क्रमांक (कर्नाटकातील विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक) कुठे मिळेल, नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) आणलेल्या जात-उत्पन्न दाखल्यावरचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, कोणता, एसएसएलसीनंतर (दहावीनंतर) पीयूसीला (अकरावी-बारावीला) मराठी घेता येईल का, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले. मेनू या वहीतूनच तयार करावा आणि त्यात ‘विद्यार्थी सेवा’ असे मोघम नाव न देता ‘टीसी व दाखले’ असेच लिहावे.

त्यानंतर जुनी साइट चार-पाच पालकांच्या हाती द्यावी. मोठमोठे दोष एवढ्यांतच उघडे पडतात. काम एकच सांगावे, उदाहरणार्थ परीक्षा शुल्काची शेवटची तारीख शोधणे, आणि आपण गप्प बसावे. आमच्याकडे एका आईने पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे सरकवत सरकवत सूचना गाठली, पण ती स्कॅन केलेली पीडीएफ निघाली. दोन बोटांनी अक्षरे मोठी करताना ओळीचे दुसरे टोक पडद्याबाहेर जाई, म्हणून तिने मोबाइल शेजारच्या मुलीकडे दिला. त्या आईला वाचता येत होते; अडचण आमच्या पानाची होती. म्हणून तारीख, शुल्क आणि कागदपत्रे पानावरच मजकुरात द्यावीत आणि पीडीएफ सहीशिक्क्याच्या प्रतीपुरती ठेवावी.

सीमाभागात भाषेचा विचार विशेष काळजीने करावा लागतो, कारण घरात मराठी बोलली जाते आणि सरकारी अर्ज बहुधा कन्नडमध्ये असतो. मराठी पानावर त्या अर्जातील रकान्याचे कन्नड नाव मराठी अर्थासह द्यावे, म्हणजे पालकांना ते जुळवून पाहता येते. भाषा बदलण्याचे बटण वाचकाला मुखपृष्ठावर न नेता त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतील प्रतीवर नेणारे असावे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना व मोबाइलना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, आणल्याशिवाय तो गूगलवर सापडत नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंदही करावी. ती असली आणि फॉन्टमध्ये सोय असली की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने उमटतात, आणि वाचून दाखवणाऱ्या ॲपलाही उच्चार कोणत्या भाषेचा करायचा ते कळते. हे काम दोन मिनिटांचे आहे, तरी ते बहुतेक ठिकाणी राहून जाते.

तालुक्याच्या जंगल भागातील जांबोटी-कणकुंबीकडच्या पालकाला पावसाळ्यात रेंज मिळेलच असे नाही, म्हणून फिरती छायाचित्रे काढून टाकावीत आणि कार्यालयाचा फोन क्रमांक प्रत्येक पानावर द्यावा.

प्रत्येक सूचनेवर तारीख घालावी आणि मुदत संपलेली सूचना हटवण्याचे काम एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे सोपवावे. नवी साइट सुरू झाल्यावर पहिल्या एसएसएलसी निकालाच्या आठवड्यात वही पुन्हा कार्यालयात ठेवावी. उत्तर साइटवर असूनही जो प्रश्न फोनवर येत राहील, ते पान सर्वांत आधी दुरुस्त करावे.