क्लच पेडल नाही, पण क्लच आहे

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर पहाटे चारला मी ऑटोमॅटिक गिअरचा नवाकोरा ट्रेलर चालू केला, गिअरचा सिलेक्टर डीवर फिरवला आणि गाडी ढिम्म हलेना. पुन्हा एन, पुन्हा डी. स्क्रीनवर नुसता एन लुकलुकतोय. बारा वर्षं दांड्याच्या, म्हणजे हाताने गिअर टाकायच्या, गाड्या हाकलेला माणूस मी. दांडा असता तर काय अडतंय ते हाताला कळलं असतं, इथे हातात एक गोल खुंटी. शेवटी मेकॅनिकला झोपेतून उठवलं. तो डोळे चोळत आला, केबिनमध्ये एकदा डोकावला आणि म्हणाला, "मामा, हवा तरी भरू द्या."

रात्रभर उभ्या गाडीच्या टाक्या उतरल्या होत्या. आपल्याकडच्या बहुतेक अवजड गाड्यांत हा ऑटोमॅटिक गिअर हवेवर बदलतो. ब्रेकला लागते तीच हवा. हवेचा काटा लाल पट्ट्यातून वर आल्याशिवाय गिअरबॉक्स गिअर घेत नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची मला लाज वाटली होती. म्हणून नव्याने या गाड्यांवर बसणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. ट्रकमध्ये ज्याला आपण सरसकट ऑटोमॅटिक म्हणतो, ते दोन वेगळ्या जातींचं असतं. एकात टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल. अ‍ॅलिसनचे बॉक्स या जातीचे. सारखं थांबत-निघत चालणाऱ्या गाड्यांना ते मानवतात. दुसरी जात एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. व्होल्वोची आय-शिफ्ट २००१ मध्ये आली ती हीच, झेडएफचे बॉक्सही आहेत, आणि आता देशी टिपर-ट्रेलरमध्येही एएमटी दिसते. यात आतमध्ये साधाच गिअरबॉक्स असतो, बहुधा बारा गिअरचा, आणि साधीच क्लच प्लेट. फरक एवढाच की तुमच्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम कॉम्प्युटर सांगतो आणि हवा करते. म्हणजे पेडल गेलं, क्लच गेला नाही. तो जळतोही तसाच, आणि जळाला की वासही तोच येतो. ही गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं.

डाव्या पायाबद्दल मात्र आधीच सावध करतो. पहिल्या दिवशी यार्डात गाडी थांबवताना माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि ब्रेकचं रुंद पेडल त्याला सापडलं. क्लच दाबतो त्या जोराने ब्रेक दाबला गेला. क्लीनर डॅशबोर्डवर चहा ठेवत होता, तो सगळा काचेवर. त्यानंतर महिनाभर मी डावी चप्पल काढून पाय सीटखाली दुमडून बसायचो. दिसायला वाईट, पण उपयोग झाला. आता उलटी गंमत होते. गावी चुलत भावाचा छोटा हत्ती चालवायला घेतला, तर भर बाजारात क्लच न दाबता थांबलो आणि गाडी आचके देऊन बंद.

सिलेक्टर प्रत्येक कंपनीचा वेगळा. कुठे स्टिअरिंगखाली दांडी, कुठे डॅशबोर्डवर खुंटी, कुठे सीटशेजारी लिव्हर. अक्षरं साधारण तीच: आर (मागे जायला), एन (न्यूट्रल), डी किंवा ए (गिअर आपोआप), आणि एम (प्लस-मायनसने गिअर स्वतः बदलायला). कारमधला पार्किंगचा पी शोधू नका, एएमटी ट्रकमध्ये तो सहसा नसतोच. गाडी उभी राहते ती हॅण्डब्रेकवर. एनला आणायची, हॅण्डब्रेक ओढायचा, फुस्स आवाज ऐकायचा, मग इंजिन बंद. गिअरच्या भरवशावर उभी करायची दांड्याच्या गाडीतली सवय इथे सोडा. चढावर चाकाखाली दगड लावा, आणि निघताना तो उचलून बाजूला टाका. घाटात मध्येच पडलेले दगड कोणी ठेवलेले असतात ते मोटारसायकलवाल्यांना विचारा.

डीवर टाकलं की स्क्रीनवर आकडा येतो. रिकाम्या गाडीला तीन किंवा चार, भरलेल्याला एक किंवा दोन. गाडीवर किती वजन आहे आणि चढ केवढा आहे याचा अंदाज बॉक्स स्वतः घेतो. मात्र माल भरून पहिल्यांदाच निघताना हा अंदाज चुकू शकतो, कारण बऱ्याच गाड्यांत वजन कळतं ते चालायला लागल्यावर, इंजिनाला किती ओढावं लागलं त्यावरून. ५५ टनी ट्रेलर चढावरून तिसऱ्यात उचलायला निघाला असेल, तर प्लस-मायनसने एकवर आणायचं काम तुमचं. बॉक्सला वाईट वाटत नाही. मधले गिअर गाळून तो तीनवरून एकदम पाचला गेला तर दचकू नका, रिकाम्या गाडीत आपणही तेच करायचो.

आता मुंब्रा बायपास. कळंबोलीकडून भिवंडीला कंटेनर नेणाऱ्या प्रत्येकाला हा रस्ता पाठ आहे: शिळफाटा सोडला की डोंगराच्या कडेने चढ, आणि त्या चढावर संध्याकाळची रांग. नव्या गाडीचा तिसरा आठवडा. पुढचा ट्रक दोन फूट सरकला की मीही दोन फूट. मधल्या वेळात ब्रेकवर पाय ठेवायचा कंटाळा, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट दाबून गाडी चढावर तरंगत ठेवलेली. पुढेही जात नाही, मागेही येत नाही. मला वाटलं, वा, काय मऊ गाडी आहे. वीसेक मिनिटांनी पिवळी खूण आली. आपल्याला काय इंग्रजी वाचायचंय, म्हणून दुर्लक्ष केलं. मग खूण लाल झाली, बीप सुरू झाला आणि केबिनमध्ये तो वास आला.

मी करत होतो तो हाफ क्लच होता, म्हणजे अर्धवट पकडून घासत राहणारा क्लच. पाय माझा नव्हता एवढंच. दांड्याच्या गाडीत उस्तादाने यासाठी माझ्या गुडघ्यावर पाना मारला असता. इथे पेडलच नाही, त्यामुळे गुन्हा दिसत नाही. त्या रात्री गाडी कडेला लावून, न्यूट्रल करून पाऊण तास थांबलो. नंतर महिनाभरातच क्लच प्लेट बदलावी लागली आणि मालकाने तिचे पैसे माझ्या पगारातून चार हप्त्यांत कापले. प्लेट आधीच अर्धी झिजलेली होती, हे मी सांगून पाहिलं. अजूनही सांगतो.

तेव्हापासूनचा माझा रिवाज: चढावरच्या रांगेत पुढच्या गाडीला दोन-तीन गाड्यांएवढी जागा होऊ द्यायची. मागचे हॉर्न मारतील, मारू देत. मग एमवर, पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर नीट देऊन निघायचं, म्हणजे क्लच पटकन पूर्ण बसतो, आणि जागा संपली की ब्रेक मारून थांबायचं. थांबलेली गाडी धरायची ती ब्रेकने किंवा हॅण्डब्रेकने. हिल होल्ड नावाची सोय असते, ब्रेकवरून पाय काढल्यावर ती दोन-तीन सेकंद गाडी मागे येऊ देत नाही. निघण्यापुरती ती चांगली, तिच्यावर उभं राहायचं नाही.

घाटाचं गणित वेगळं आहे, आणि इथेच एमचा खरा उपयोग. एएमटी गिअर बदलते तेव्हा क्षणभर इंजिनाची ओढ तुटते. सपाटीवर ते कळतही नाही. बोरघाटात, भरलेल्या गाडीत, तेवढ्या क्षणात वेग पडतो आणि बॉक्सला वाटतं आणखी एक खाली घ्यावा, मग आणखी एक. म्हणून चढ लागायच्या आधीच एम करून एक-दोन गिअर खाली घ्या आणि धरून ठेवा. पॉवर मोड असेल तर तो इथे लावा आणि लोणावळ्याला काढा. तो दिवसभर लावून फिरणारे डिझेलचा हिशेब देताना घाम पुसतात. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की खाली टक्क लागतं, त्याला किकडाउन म्हणतात. त्याने बॉक्स गिअर खाली घेतो. ओव्हरटेकला ठीक, पण घाटात तो नको तिथे ओढ तोडू शकतो.

उतरताना, खंडाळ्याकडून खोपोलीकडे, जुन्या ड्रायव्हरची एक सवय जीव घेते: न्यूट्रल करून गाडी सोडणे. डिझेल वाचतं म्हणे. आजच्या इंजिनात ते उलट आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल बंदच करतो, चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे वाचत काही नाही, आणि ५५ टन फक्त ब्रेकच्या लायनरवर येतात.

यावर एका पोराने मला विचारलं, "मग गाडी स्वतः न्यूट्रल करते ते कसं चालतं?" प्रश्न बरोबर होता. काही गाड्यांत इको-रोल असतो. हलक्या उतारावर बॉक्स मुद्दाम न्यूट्रलला जातो, गाडी आपल्या वेगाने घरंगळते. इंजिन ब्रेक लागत नाही म्हणून ती लांबवर जाते, आणि तिथे फायदा होतो. पण वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला किंवा तुम्ही ब्रेक लावला की तो लगेच गिअर पकडतो. ती सोय अशा हलक्या उतारांसाठी आहे. घाटात एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) लावूनच उतरायचं, म्हणजे इको-रोलचा प्रश्नच येत नाही.

एक्झॉस्ट ब्रेकला इंजिनाचे फेरे (आरपीएम) लागतात. फेऱ्यांच्या काट्यावरच्या हिरव्या पट्ट्याच्या वर, जिथे एरवी आपण जाऊ नये म्हणतात, तिथे तो खरा धरतो. म्हणून डीवर असतानाही तो लावला की बरेच बॉक्स आपणहून गिअर खाली आणतात आणि इंजिन ओरडतं. ओरडू द्या. पण एक मेख आहे. इंजिन तांबड्या पट्ट्यात जाईल असा गिअर बॉक्स घेत नाही, एमवर तुम्ही दहा वेळा मायनस दाबलं तरी. गाडी एकदा पळाली की खालचा गिअर मिळत नाही. तो उताराच्या माथ्यावर, गाडी हळू असतानाच घेऊन ठेवायचा. माझा उस्ताद म्हणायचा, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. आताच्या ताकदीच्या इंजिनांना ते जुळत नाही, चढताना फार वरचा गिअर चालतो. त्याच्याही एक-दोन खाली घ्या.

यार्डातलं थोडक्यात. भिवंडीच्या गोडाऊनला ट्रेलर मागे लावताना क्रीप किंवा मॅन्युव्हर मोड असेल तर तो वापरा, अ‍ॅक्सिलरेटर मवाळ होतो. मात्र फार वेळ इंचाइंचाने सरकलात तर तिथेही क्लच तापतो, मुंब्र्यासारखाच. रिव्हर्सचे बहुधा दोन किंवा जास्त गिअर असतात, पहिलाच घ्या. पावसात उरणच्या कच्च्या यार्डात चाक रुतलं तर रॉकिंग मोड: अ‍ॅक्सिलरेटर सोडताच क्लच पटकन सुटतो, गाडी मागे झुलते, पुन्हा दाबायचं. झोपाळ्यासारखं. दोन-चार झोक्यांत निघाली नाही तर खडी टाका, हट्ट करू नका.

लायसन्सचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय २० पूर्ण हवं आणि हलक्या गाडीचं लायसन्स आधी किमान एक वर्ष जुनं हवं. शिकताना मात्र माझं ऐकाल तर सहा महिने दांड्याच्या गाडीवर काढा. कोणी म्हणेल आता कशाला. पण ओझं म्हणजे काय, चढावर इंजिन कुठे रडायला लागतं, हे पायाला एकदा कळलं की स्क्रीनवरचा आकडा चुकतोय हे ओळखता येतं. थेट एएमटीवर बसलेली पोरं चांगली चालवतात, फक्त बॉक्स चुकला तर ती त्याच्यासोबत चुकतात.

नवी गाडी हातात आली की पुस्तिकेतल्या सिलेक्टरच्या पानाचा आणि इशाऱ्यांच्या खुणांच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. क्लच तापल्याची खूण तुमच्या गाडीत कशी दिसते ते त्याच दिवशी बघून ठेवा. मग गाडी उभी असतानाच ब्रेकवर पाय ठेवून एन, डी, आर, एम सगळं फिरवून बघा, एक्झॉस्ट ब्रेकचं बटण हाताने चाचपून ठेवा. पाच मिनिटं लागतात. सुपरवायझर काचेवर टकटक करेल, अजून कसा निघाला नाहीस म्हणून. त्याला सांगा, हवा भरतेय.