ओकॅमलमध्ये रेफ आणि मॅच वापरताय? या चुका टाळा

पायथन किंवा सी वरून ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेकडे आलं की कंपायलर सारखा ओरडतोय असं वाटतं, पण तो ओरडतो तिथली काळजी नको, गप्प बसतो तिथली करा.

उदा. 'झालं' नावाचा बूलियन रेफ (ज्याच्या आतली व्हॅल्यू बदलता येते असा डबा) आहे आणि तुम्ही सवयीने 'इफ !झालं' लिहिलं. इथे ! म्हणजे 'नाही' नव्हे, रेफच्या आतली व्हॅल्यू काढणं. टाइप बरोबर बसतो, कंपाइल होतं आणि लॉजिक बरोब्बर उलटं चालतं! 'नॉट !झालं' लिहा.

दुसरं, 'लेट ब = अ' केलं की कॉपी होत नाही, दोन्ही नावं एकाच रेफची, त्यामुळे ब := ५ केलं की !अ पण ५ येतो. वेगळा हवा असेल तर 'रेफ !अ'. हाच घोळ 'अ‍ॅरे.मेक ३ (रेफ ०)' मध्ये होतो, तिन्ही खणात एकच रेफ जातो आणि एक काउंटर वाढवला की तिन्ही वाढलेले दिसतात, मग माणूस लूपमध्ये बग शोधत बसतो. तिथे अ‍ॅरे.इनिट वापरा, प्रत्येक वेळी नवा रेफ बनतो. आणि हो, == हे 'तोच रेफ आहे का' बघतं, व्हॅल्यू तपासायला साधं =, आणि वेगळी आहे का बघायला <>, != नाही.

आता मॅच, म्हणजे व्हॅल्यू कुठल्या पॅटर्नमध्ये बसते ते बघून ब्रांच निवडणं. वर 'लेट लिमिट = १०' आहे म्हणून खाली '| लिमिट ->' लिहिलं तर १० शी तुलना होत नाही, पॅटर्नमधलं नाव कायम नवीनच असतं, ते काहीही गिळतं आणि खालच्या ब्रांच मेल्या. 'या केसचा उपयोग नाही' अशी वॉर्निंग येते, पण वॉर्निंग वाचतंय कोण! '| क्ष व्हेन क्ष = लिमिट' लिहायचं. ड्यूनने (ओकॅमलचं बिल्ड टूल) बिल्ड करत असाल तर डेव्ह प्रोफाइलमध्ये (डेव्हलपमेंटची सेटिंग) अशा बऱ्याच वॉर्निंग एरर होतात, ते बंद करू नका प्लीज.

मॅचच्या आत मॅच असेल तर आतल्याला कंस घालाच, नाहीतर बाहेरच्या ब्रांच आतला खातो आणि एरर भलत्याच ओळीवर.

शेवटी '_ ->'. हा 'बाकी काहीही' वाला पॅटर्न आळशीपणाने सगळीकडे टाकला की उद्या टाइपमध्ये नवा कन्स्ट्रक्टर (टाइपमधला एक पर्याय) आला तरी कुठली केस राहिली हे कंपायलर सांगणार नाही. स्वतःच्या टाइपवर मॅच करताना सगळी नावं लिहा, चार ओळी जास्त झाल्या तर होऊ देत.