सिम्युलेटरमधल्या रेडिओत जीव कसा आणायचा?

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर गेममध्ये कॉकपिट हुबेहूब असतं, ढगही. पण एआय विंगमन, म्हणजे संगणक चालवतो तो जोडीदार वैमानिक, बोलायला लागला की सगळा रंग उतरतो. मिसाइल मागे लागलंय आणि याचा सूर रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा! हे घरच्या घरी सुधारता येतं. हेडसेटचा माइक, फुकट मिळणारं ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर आणि तीन-चार मित्र एवढं पुरे.

आधी संवाद लिहा आणि मग छाटा. क्रम ठरलेला आहे: कोणाला, कोण, काय. विमान अनोळखी असेल तर ‘बोगी’, शत्रूचं असल्याची खात्री झाली की ‘बँडिट’. नजरेस पडलं तर ‘टॅली’, नाही पडलं तर ‘नो जॉय’. इन्फ्रारेड (उष्णतेचा माग काढणारं) मिसाइल सोडताना ‘फॉक्स टू’. एका वेळच्या बोलण्याला चार सेकंदांहून जास्त लागत असतील तर आणखी छाटा.

रेकॉर्डिंगला प्रत्येक पात्रासाठी वेगळा माणूस घ्या. अमेरिकन उच्चारांची नक्कल नको. कोथरूडच्या मित्रानं आपल्या नेहमीच्या इंग्रजीतच बोलावं, तेच खरं वाटतं. पुण्यात विमानतळाजवळ, लोहगाव-धानोरीकडे राहत असाल तर डोक्यावरचं विमान निघून जाऊ द्या, मगच रेकॉर्ड दाबा. ती घरघर नंतर नीट काढता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो श्वासाला. 6-7 जीच्या वळणात, म्हणजे शरीराचं वजन सहा-सात पट वाटतं तेव्हा, वैमानिक पाय आणि पोट आवळून श्वास कोंडतो, साधारण दर 3 सेकंदांनी झटक्यात सोडतो आणि पुन्हा भरतो. शब्द बाहेर पडतात ते त्या फटीतून, तुटक. म्हणून खुर्चीत बसा, टाचा जमिनीत रोवा, पोट घट्ट करा आणि त्याच अवस्थेत म्हणा, “टू, ब्रेक राइट! फ्लेअर्स!” (दोन नंबर, झटक्यात उजवीकडे वळ, मिसाइलला चकवणारे जळते गोळे सोड!) वेगळा अभिनय करावा लागत नाही.

ऑडॅसिटीत 300 हर्ट्झच्या खालचं आणि 3400च्या वरचं कापा, कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एकसारखा करणारा इफेक्ट) लावा, मागे हलकी खरखर ठेवा. एखाद्या वाक्याचं पहिलं अक्षर अर्धं उडवा, कारण घाईत रेडिओवर बोलायचं बटण दाबलं जायच्या आधीच तोंड सुटतं. लढाऊ विमानांची यूएचएफ (अतिउच्च फ्रिक्वेन्सीची) बोलणी बहुतेक 225 ते 400 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एएम (अँप्लिट्यूड मॉड्युलेशन) पद्धतीनं चालतात. एएमवर दोघं एकदम बोलले की शिट्टीसारखा आवाज येतो आणि दोघांचंही नीट कळत नाही. दोन ट्रॅक एकमेकांवर ठेवून त्यात असा सूर मिसळा. मिशनमध्ये हे एकदाच, ऐन धुमश्चक्रीत.

फाइल ओजीजी या ऑडिओ स्वरूपात सेव्ह करा. डीसीएसच्या मिशन एडिटरमध्ये (मोहीम रचायच्या साधनात) ‘साउंड टू ऑल’ टाळा, तो पर्याय रेडिओ कोणत्या फ्रिक्वेन्सीवर लावलाय ते बघतच नाही. ‘रेडिओ ट्रान्समिशन’ निवडून फ्रिक्वेन्सी, एएम आणि पॉवर भरा. फ्लॅगला (कोणतं वाक्य वाजवायचं ते ठरवणाऱ्या आकड्याला) रँडम किंमत दिली की दर उड्डाणाला वेगळं वाक्य वाजेल. मधे शांतता ठेवायला कचरू नका. मोहिमेवर जाताना दोन-दोन मिनिटं कुणीच बोललं नाही तरी चालेल.

मग गेममध्ये आफ्टरबर्नर (इंजिनाचा जादा जोर) लावून ऐकून बघा. इंजिनाच्या आवाजात शब्द बुडत असतील तर मिसाइलचा इशारा तेवढा 3 डेसिबलनं चढवा, बाकीचं आहे तसंच राहू द्या.