मंत्र्यांचे हितसंबंध जाहीर करताना या चुका टाळा

शपथविधी आटोपला, खातेवाटप झाले आणि दालने ठरली की मंत्री आस्थापनेवर नव्याने आलेली मंडळी पुष्पगुच्छ स्वीकारण्यात आणि नावाच्या पाट्या बसवून घेण्यात इतकी गुंतून जातात, की मालमत्ता, दायित्वे आणि व्यावसायिक हितसंबंध यांचे विवरण ‘सवडीने पाहू’ म्हणून कोणाच्या तरी टेबलावर पडून राहते. वास्तविक केंद्र व राज्यांतील मंत्र्यांसाठी १९६४ पासून अस्तित्वात असलेल्या आचारसंहितेनुसार हे विवरण पद स्वीकारण्यापूर्वी पंतप्रधानांकडे किंवा मुख्यमंत्र्यांकडे द्यायचे असते, आणि पुढे दर वर्षी ३१ ऑगस्टपर्यंत मागील आर्थिक वर्षाचे विवरण सादर करायचे असते. अशी विवरणे तयार करण्यात माझी मंत्रालयातील बरीच वर्षे गेली. निवृत्तीनंतरही नव्या खासगी सचिवांचे फोन येतात, प्रश्न तेच असतात आणि चुकाही त्याच, म्हणून त्या एकदा लिहून ठेवतो.

प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स जोडून मोकळे होणे

निवडणूक अर्जासोबत दिलेले नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्र हाताशी असते. त्यात फ्लॅट, शेती, सोने, ठेवी, कर्जे असे सगळे रुपयांत मांडलेले असते आणि वकिलाच्या नजरेखालून गेलेले असते. तेच वरच्या पत्रासोबत जोडले की काम झाले, अशी नव्या मंडळींची ठाम समजूत असते. मात्र हे प्रतिज्ञापत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे आले ते मतदारासाठी. उमेदवाराकडे काय आहे आणि त्याच्यावर कोणते खटले आहेत, हे मतदाराला कळावे एवढाच त्याचा हेतू. मंत्री झाल्यावरचा प्रश्न निराळा असतो: यांच्यासमोर कोणती फाईल येता कामा नये? त्याचे उत्तर रुपयांच्या रकान्यात सापडत नाही.

महाराष्ट्रात तर मुळीच सापडत नाही, कारण आपल्याकडील सर्वांत वजनदार हितसंबंधांची किंमत कागदावर जवळजवळ शून्य असते. सहकारी साखर कारखान्यातील अध्यक्षांचा भाग काही हजार रुपयांचा असतो, पण त्याच कारखान्याच्या कर्जाला राज्य सरकारने थकहमी द्यावी की नाही, हा विषय मंत्रिमंडळासमोर येतो. शिक्षण संस्थेच्या विश्वस्ताची संस्थेत एका रुपयाचीही मालकी नसते, तरी नव्या तुकड्या, अनुदान आणि पदमान्यता यांच्या फायली एखाद्या विभागातूनच फिरतात. सूतगिरणी, दूध संघ, जिल्हा बँक यांचेही तेच. प्रतिज्ञापत्र मालकी विचारते, आणि यांतल्या कशाचीच मालकी सांगता येत नाही.

माझी सवय अशी की कोऱ्या कागदाच्या मधोमध रेघ मारायची आणि डावीकडे मंत्री, पत्नी किंवा पती आणि मुले यांची प्रत्येक संस्था, जमीन, भागीदारी, पद व जामीनकी लिहायची, मग तिची किंमत असो वा नसो. उजवीकडे त्या गोष्टीचा कागद कोणत्या विभागात जन्माला येऊ शकतो, ते लिहायचे. शहराच्या हद्दीलगत सातबारा असेल तर महसूल आणि नगरविकास, दगडखाण असेल तर महसूल आणि खनिकर्म, रुग्णालयाचा न्यास असेल तर सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण. उजव्या बाजूला मंत्र्यांचेच खाते दिसले की तिथे लाल पेन्सिलीने खूण होते आणि ती नोंद मुख्यमंत्र्यांना लिहायच्या पत्रात पहिल्या परिच्छेदात जाते. या कागदाला पूर्ण दुपार लागते आणि घाई असलेल्या स्वीय सहायकांना नेमकी तीच परवडत नाही. ‘एवढे कोण विचारतंय, साहेब?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता उत्तरही देत नाही.

शेअरच्या बाबतीत तर संहिताच सवलत देते, कारण शेअर व कर्जरोखे यांची एकूण अंदाजे किंमत लिहिली तरी अट पूर्ण होते. ही सवलत घेऊ नये. पंचवीस लाखांचे शेअर म्हणजे पंचवीस लाखांचे काय, हे कंपनीचे नाव लिहिल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

राजीनामा लिहिला, पण पोहोचवला नाही

पदग्रहणापूर्वी ज्या व्यवसायाशी संबंध होता त्याच्या कारभारातून आणि व्यवस्थापनातून मंत्र्याने बाहेर पडावे, असे संहिता सांगते. म्हणून शपथविधीच्या आदल्या रात्री राजीनाम्यांची चळत तयार होते, सह्या होतात आणि सर्वांना हायसे वाटते. खरा घोळ इथूनच सुरू होतो.

एका राज्यमंत्र्यांचे उदाहरण नाव न घेता सांगतो. तालुक्यातील एका शिक्षण संस्थेचे ते विश्वस्त होते. राजीनामा दिला होता, त्यावर शपथेच्या आदल्या दिवसाची तारीखही होती. संस्थेच्या सचिवांनी तो आपल्याच कपाटात ठेवला, कारण ‘साहेब परत येणारच आहेत’. कार्यकारिणीची सभा झाली नाही, ठराव झाला नाही आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा बदल अर्जही कोणी दिला नाही. वर्षभराने त्याच संस्थेचा अनुदानाचा प्रस्ताव विभागातून वर सरकला आणि मंत्र्यांनी इतर पंधरा-वीस फायलींबरोबर त्यावरही सही केली. विरोधी आमदाराने धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा काढला. त्यात विश्वस्त म्हणून मंत्र्यांचे नाव ठळक. मंत्री म्हणाले, राजीनामा दिला आहे. आमदार म्हणाले, दाखवा. दाखवायला होती ती एक छायाप्रत, तिच्यावर ना आवक क्रमांक, ना शिक्का, ना कोणाची पोच. तो कागद खरा होता याबद्दल मला शंका नाही, पण त्या दिवशी त्यावर विश्वास ठेवायला कोणीही तयार नव्हते, आणि लोकांचे काही चुकत होते असेही म्हणता येणार नाही.

आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच हाती आल्याखेरीज राजीनामा दिला असे विवरणात लिहू नये. न्यास असेल तर बदल अर्जाची प्रत, आणि कंपनी असेल तर संचालक बदलल्याचे कंपनी निबंधकांना तीस दिवसांत कळवणाऱ्या डीआयआर-१२ या अर्जाची पावती फाईलला लावावी. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावे कोणालाही पाहता येतात. पत्रकार सर्वांत आधी तिथेच पाहतात, तेव्हा आपण त्यांच्याआधी पाहावे. महिन्याभराने पुन्हा एकदा पाहावे, कारण सनदी लेखापालाने ‘केलंय’ म्हटले म्हणजे केलेले असतेच असे नाही.

एकदा नोंदवले म्हणजे कायमचे सांगून झाले

या चुकीचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ब्रिटनमधील आहे. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात बालसंगोपनाच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना प्रोत्साहनपर रक्कम जाहीर झाली, आणि ती एजन्सीमार्फत येणाऱ्यांना दुप्पट, म्हणजे १,२०० पौंड मिळणार होती. अशा मोजक्या एजन्सींपैकी कोरू किड्स या एजन्सीत तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या पत्नी अक्षता मूर्ती यांचे शेअर होते. संसदीय समितीसमोर सुनक यांना सरळ विचारले गेले, की या विषयात काही हितसंबंध सांगायचा आहे का. आपली सर्व माहिती रीतसर दिलेली आहे, असे त्यांचे उत्तर होते. खासदारांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या संसदेच्या मानक आयुक्तांनी चौकशी करून ऑगस्ट २०२३ मध्ये निष्कर्ष दिला, की नोंदणी करणे आणि त्या त्या वेळी तोंडाने सांगणे या दोन गोष्टींत सुनक यांची गल्लत झाली आणि ती जाणूनबुजून झालेली नव्हती. प्रकरण दुरुस्तीवर मिटले. एवढा मोठा कार्यालयीन ताफा दिमतीला असलेल्या माणसाची ही गल्लत होते, तर आपल्याकडे ती रोज होत असणार.

विवरण मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात सीलबंद पडलेले असते. बैठकीला बसलेल्या सचिवांना त्यातले काही माहीत नसते. म्हणून विषय निघाल्याबरोबर मंत्र्यांनी ‘यात माझ्या घरच्यांचा संबंध आहे’ असे सांगावे, ते इतिवृत्तात यावे, आणि फाईल असेल तर तिच्यावर तसे नमूद करून ती मुख्यमंत्र्यांकडे आदेशार्थ पाठवावी. ‘चर्चा केली’ एवढेच लिहून फाईल परत धाडण्याची पळवाट मला मान्य नाही.

मुलाच्या नावावर करून टाकू

सरकारला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या व्यवसायातील मालकी सोडताना ती पत्नी किंवा पती वगळता कुटुंबातील सज्ञान व्यक्तीकडे किंवा सज्ञान नातेवाइकाकडे देण्याची मुभा संहितेत आहे, पण ती व्यक्ती मंत्र्याच्या नियुक्तीपूर्वीपासून त्या व्यवसायाशी निगडित असली पाहिजे, ही अट वाचायची राहून जाते. नुकताच पदवीधर झालेला मुलगा रातोरात खडी क्रशरचा मालक होतो, तेव्हा कागद नियमात बसत नाही आणि गावात कोणाचा त्यावर विश्वासही बसत नाही. घरच्यांचाच न्यास करून त्यात शेअर ठेवणे हा त्याचाच शहरी अवतार.

स्वतःच अर्जदार, स्वतःच खातेप्रमुख हे तर उघडच टाळायला हवे. झारखंडचे मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांच्याकडे खनिकर्म खातेही असताना २०२१ मध्ये दगडखाणीचा पट्टा त्यांच्याच नावे झाला आणि पुढे तो त्यांनी परत केला. त्यासंबंधीच्या जनहित याचिका टिकणाऱ्या नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये म्हटले, परंतु मधले महिने सरकारचे यातच गेले.

बाकीच्या चुका थोडक्यात. रकाना रिकामा सोडू नये, ‘निरंक’ लिहावे. रिकामा रकाना विसरलेला आहे की लपवलेला, हे नंतर ठरवता येत नाही. परदेशातील मालमत्ता कंपनीच्या नावावर आहे म्हणून गाळू नये. कॅनडाचे तत्कालीन अर्थमंत्री बिल मोर्नो यांना फ्रान्समधील बंगला ज्या कंपनीच्या नावे होता ती कंपनी न कळवल्याबद्दल २०१७ मध्ये २०० डॉलर दंड झाला, आणि दंडापेक्षा बातम्या कितीतरी मोठ्या झाल्या. परदेशी पाहुण्यांकडून मिळालेली पाच हजार रुपयांवरची भेटवस्तू तोशाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या सरकारी भांडारात, जाते, दालनातल्या शोकेसमध्ये नाही. खातेबदल झाला की वर सांगितलेला दोन रकान्यांचा कागद पुन्हा पहिल्यापासून करावा, कारण डावी बाजू तीच राहिली तरी लाल खुणा सगळ्या बदलतात. हे काम नव्या खात्याची पहिली फाईल टेबलावर येण्यापूर्वी उरकावे.