मागे इंजिन असलेल्या स्पोर्ट्स कारची एसी गळती

गॅस भरला की महिनाभर गारवा, मग पुन्हा कोमट हवा. अशा वेळी नुसता गॅस भरत राहणं व्यर्थ. या गाड्यांत कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप) मागे आणि कंडेन्सर (गॅस थंड करणारी जाळी) पुढच्या बंपरमागे. मधले लांब ॲल्युमिनियम पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. गळती बहुतेकदा तिथे किंवा खडे खाल्लेल्या कंडेन्सरला.

आधी टॉर्च घेऊन तेलकट, धूळ चिकटलेले डाग शोधा. गॅसबरोबर तेलही झिरपतं.

पंपाने सिस्टिममधली हवा ओढून काढल्यावर व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, असं मात्र नाही. व्हॅक्यूममध्ये आत-बाहेरच्या दाबाचा फरक जेमतेम १ बारचा, तोही उलट्या दिशेने. ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) आत ओढली जाऊन तात्पुरती बसते. म्हणून एका गाडीत मी उरलेला गॅस मशीनने काढून घेऊन रेग्युलेटरमधून कोरडा नायट्रोजन १० बारपर्यंत भरला आणि साबणाचं पाणी लावलं. पाइप धरणाऱ्या क्लॅम्पचं रबर सरकवल्यावर खाली पांढरी भुकटी, आणि दोनेक मिनिटांनी तिच्यातून मोहरीएवढे बुडबुडे. ॲल्युमिनियम कुजलं होतं. इपॉक्सी लावू नका, पाइपच बदला.

जोड उघडताना दोन पाने (स्पॅनर) लावा, नाहीतर पाइप पिळतो. एचएनबीआर या रबराच्या नव्या ओ-रिंगला त्याच सिस्टिमचं तेल चोळा. ड्रायर बदला; तो ओल शोषून निकामी होतो. मग ४५ मिनिटं व्हॅक्यूम आणि गॅस स्टिकरवरच्या ग्रॅमनुसार, वजन करूनच.

सर्व्हिस व्हॉल्व्हची (गॅस भरायच्या तोंडांची) टोपणं हरवली असतील तर तीही आणा. सील खरं तेच करतात.